दर सेकंदाला वीस हजार पेशी

प्रौढ माणसाच्या अंगावरची सगळी त्वचा उलगडून पसरली, तर ती साधारण १.८ चौरस मीटर भरते. तिच्या सर्वांत बाहेरच्या थराला शृंगस्तर म्हणतात. शरीराच्या बहुतेक भागांवर त्याची जाडी १५ मायक्रोमीटरच्या आसपास असते. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आता क्षेत्रफळाला जाडीने गुणा. उत्तर येतं २७ घन सेंटीमीटर. तळहात-तळपायांवरचा जाड भाग वगळला, तर अंगावरचा सगळा शृंगस्तर स्वयंपाकघरातल्या दोन मोठ्या चमच्यांत मावेल. साठ किलोच्या माणसाच्या शरीरात तीस-पस्तीस लिटर पाणी असतं. ते हवेत उडून जाऊ नये, ही मुख्य जबाबदारी या दोन चमचे ऐवजावर आहे. आणि त्यातली एकही पेशी जिवंत नाही.

मेलेल्या पेशी एकमेकींना धरून कशा राहतात, हा प्रश्न मला जीवशास्त्रातल्या मोठ्या प्रश्नांच्या रांगेत बसवावासा वाटतो. त्याहून अवघड प्रश्न त्याच्या पाठोपाठ येतो. एवढ्या घट्ट धरलेल्या पेशी रोज, गाजावाजा न करता, सुटतात कशा?

आधी मोजदाद करू. शृंगस्तरातली एक पेशी चपटी, बरीचशी षट्कोनी असते. रुंदी तीस-पस्तीस मायक्रोमीटर, जाडी जेमतेम एक. वरून पाहिलं तर ती साधारण १,००० चौरस मायक्रोमीटर जागा व्यापते. म्हणजे सगळं अंग एकदा झाकायला १८० कोटी पेशी लागतात. असे एकावर एक पंधरा-वीस पदर असतात. पंधराच धरले तरी २,७०० कोटी पेशी झाल्या. पृथ्वीवरच्या माणसांच्या तिपटीहून अधिक, आणि त्या सगळ्या एकाच माणसाच्या अंगावर.

हा सगळा साठा सुमारे दोन आठवड्यांत बदलतो, म्हणजे दिवसाला साधारण एक पदर. १८० कोटींना दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागलं की येतात वीस हजारांवर पेशी, दर सेकंदाला. झोपेत, जागेपणी, लोकलमध्ये लटकताना, परीक्षेचा पेपर लिहिताना आपण सेकंदाला वीस हजार पेशी हवेत, कपड्यांवर, अंथरुणावर सोडत असतो. दिवसभराच्या सगळ्या पेशींचं वजन भरतं ग्रॅम-दीड ग्रॅम. दिवाळीत उटणं चोळल्यावर हातावरून ज्या वळकट्या सुटतात, त्यांत उटण्याबरोबर हाच ऐवज असतो. आणि गळणाऱ्या प्रत्येक पेशीमागे तळच्या थरात एक नवी पेशी जन्मावी लागते. ती जन्मते तेव्हा रुंदीला दहाएक मायक्रोमीटर असते. दोन आठवडे वर सरकत जाते, वाटेत केराटिन या प्रथिनाने भरत जाते, शेवटी आपलं केंद्रक मोडून टाकते आणि चपटी होऊन शृंगस्तरात दाखल होते. पुढचे दोन आठवडे ती मृतावस्थेत काम करते.

आता पकडीकडे येऊ. इथले आकडे इतके लहान आहेत की ते डोळ्यांसमोर आणायला सगळंच एक लाख पटीने मोठं करावं लागेल. तसं केलं तर सव्वापाच फुटांच्या माणसाची उंची होईल १६० किलोमीटर, मुंबईहून पुणे गाठून थोडं पुढे. शृंगस्तरातली एक पेशी होईल साडेतीन मीटर रुंदीची, दहा सेंटीमीटर जाडीची फरशी. पंधरा फरश्या एकावर एक रचल्या की दीड मीटर उंची भरेल. एवढ्या अवाढव्य देहाचं संरक्षण करणारी भिंत साध्या माणसाच्या उंचीचीही धड नाही! खाली, अजून जिवंत असलेल्या थरात शिरलं, तर दोन शेजारी पेशींमधली फट दिसेल तीन मिलिमीटरची. त्या फटीच्या दोन्ही अंगांना जागोजागी तीनेक सेंटीमीटर व्यासाच्या चकत्या समोरासमोर बसवलेल्या असतील. या जोडणीला डेस्मोसोम म्हणतात.

खऱ्या मापात डेस्मोसोमचा व्यास ०.२ ते ०.५ मायक्रोमीटर आणि फट सुमारे ३० नॅनोमीटर. नॅनोमीटर हा मायक्रोमीटरचाही हजारावा भाग. चकतीच्या आतल्या अंगाला, म्हणजे पेशीच्या पोटात, केराटिनचे दहा नॅनोमीटर जाडीचे तंतू येऊन घट्ट गुंततात. मधे डेस्मोप्लाकिन, प्लाकोग्लोबिन, प्लाकोफिलिन ही प्रथिनं दुवा साधतात. बाहेरच्या अंगाने, फटीत, डेस्मोग्लीन आणि डेस्मोकोलिन या प्रथिनांचे रेणू दोन्ही पेशींमधून निघून मध्यावर एकमेकांना भेटतात. म्हणजे ताण कुठेही पडला तरी तो एका पेशीच्या आवरणावर थांबत नाही. तो तिच्या तंतूंतून, डेस्मोसोममधून शेजारणीच्या तंतूंत आणि तिथून पुढच्या पेशीत पसरत जातो. चिमटा काढला की तो शेकडो पेशी वाटून घेतात.

२००७ मध्ये शास्त्रज्ञांनी मानवी त्वचेचे काप अतिशीत अवस्थेत गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा फटीतले रेणू साधारण सात-सात नॅनोमीटरवर ओळीने उभे दिसले. या अंतरावरून हिशेब मांडला, तर ०.३ मायक्रोमीटरच्या एका डेस्मोसोममध्ये हजाराच्या वर जोड्या बसतात. प्रत्येक रेणूचा बाहेरचा भाग पाच तुकड्यांचा असतो आणि तुकड्यांमधल्या चार सांध्यांवर तीन-तीन, म्हणजे एकूण बारा कॅल्शियम आयन त्याला ताठ धरतात. कॅल्शियम काढून घेतलं की रेणू लुळे पडतात. म्हणूनच प्रयोगशाळेत कमी कॅल्शियमच्या द्रवात वाढवलेल्या त्वचापेशी सुट्ट्या राहतात, आणि कॅल्शियम वाढवलं की लगेच एकमेकींना बिलगू लागतात.

सगळ्यात चकित करणारी गोष्ट मात्र एकट्या रेणूची आहे. दोन रेणूंची पकड म्हणजे एका रेणूचं ट्रिप्टोफॅन हे एक अमिनो आम्ल दुसऱ्याच्या खाचेत जाऊन बसणं. ओढ बसली तर अशी एकटी जोडी सेकंदाचा अंशभर टिकते. मग त्वचा आठवडेच्या आठवडे टिकते कशी? कारण एक जोडी सुटते तेव्हा तिच्या भोवतीच्या शेकडो जोड्या धरून असतात, आणि सुटलेली जोडी दूर जाऊच शकत नसल्यामुळे पुन्हा बसते. सगळ्या एकदम सुटल्या तरच डेस्मोसोम निखळेल, आणि ती वेळ सहसा येत नाही. शिवाय पक्क्या झालेल्या डेस्मोसोमची पकड इतकी बळावते की मग कॅल्शियम काढलं तरी ती सुटत नाही. निरोगी त्वचेत बहुतेक डेस्मोसोम याच अवस्थेत असतात.

साध्या सूक्ष्मदर्शकाने ०.२ मायक्रोमीटरपेक्षा बारीक तपशील दिसत नाही. डेस्मोसोम या सीमेच्या अगदी काठावर आहे. तरीही १८७० च्या सुमारास जूलिओ बिझोझेरो या तरुण इटालियन वैद्यकाने त्वचापेशींच्या कडांवर दिसणाऱ्या काट्यांच्या टोकांवर बारीक गाठी पाहिल्या. या काट्यांमधून एक पेशी दुसरीत थेट वाहते असा समज पुढेही अनेक दशकं टिकून होता. बिझोझेरोने मात्र ओळखलं की पेशी वेगळ्याच आहेत आणि गाठी ही त्यांच्या चिकटण्याची ठिकाणं आहेत. रक्तातल्या बिंबिकांचं काम ओळखणारा शास्त्रज्ञ म्हणून त्याचं नाव सांगितलं जातं. या गाठींसाठीही ते तितक्याच आदराने घ्यायला हवं. त्याचं म्हणणं बरोबर होतं, हे ठरायला १९५० च्या दशकातला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यावा लागला.

पकड कुठे हरते हे बघायचं असेल तर वारीच्या वाटेवर बघावं. आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर. एक पाऊल ६५ सेंटीमीटरचं धरलं तर पावणेचार लाखांहून अधिक पावलं, म्हणजे एका तळव्याच्या वाट्याला दोन लाखांच्या जवळपास घर्षणाचे फटके. तळव्याचा शृंगस्तर जाड आणि चिवट असतो. तो जमिनीबरोबर एका बाजूला ओढला जातो आणि आतलं हाड दुसऱ्या बाजूला. मधल्या जिवंत पेशींवर हा ताण पुन्हा पुन्हा येतो. शेवटी फाटतात त्या पेशी आणि पोकळीत पाणी भरतं. हाच फोड. अंगावर इतरत्र सहसा असे फोड येत नाहीत, कारण तिथला पातळ शृंगस्तर तेवढा ताण खाली पोचायच्या आतच झिजून जातो. फोडाचं छत म्हणजे शाबूत राहिलेला शृंगस्तरच. ते फाडून काढू नये असं दिंडीबरोबरचे डॉक्टर सांगतात ते त्यासाठीच. त्याच्याइतकी चांगली पट्टी औषधाच्या दुकानात मिळत नाही.

आता सुटण्याकडे. शृंगस्तरात शिरताना डेस्मोसोमवर कॉर्निओडेस्मोसिन नावाचं आणखी एक प्रथिन चढतं आणि जोडणी अधिक पक्की होते. जिवंत पेशी स्निग्ध पदार्थांनी भरलेल्या पुटकुळ्या फटीत रित्या करतात. त्यांतून आलेले सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं पातळ पदरांच्या रूपाने फट भरून टाकतात. पाण्याला बाहेर पडायचं तर प्रत्येक पेशीला वळसा घालून या तेलकट बोळांतून जावं लागतं. पण याच बोळांत कातरणारी एन्झाइमंही सोडलेली असतात: कॅलिक्रेइन कुळातली ५ आणि ७ क्रमांकाची. त्यांचं काम डेस्मोसोम तोडणं. ती तळाशीच कामाला लागली तर त्वचा उभीच राहणार नाही. म्हणून त्यांच्याबरोबर लेक्टी नावाचं आवर घालणारं प्रथिनही सोडलेलं असतं.

हा आवर कधी सुटायचा हे आम्लता ठरवते. शृंगस्तराच्या तळाशी पीएच सातच्या जवळ असतो, पृष्ठभागावर पाचच्या आसपास. दोन अंकांचा फरक म्हणजे हायड्रोजन आयनांच्या प्रमाणात शंभर पटींचा फरक, आणि तो केवळ १५ मायक्रोमीटरमध्ये! तळाशी लेक्टी एन्झाइमांना गच्च धरून ठेवतं. जसजसं वर जावं आणि आम्लता वाढावी तसतशी त्याची पकड ढिली होते, एन्झाइमं मोकळी होतात आणि कातरणी सुरू होते. आधी पेशींच्या सपाट पृष्ठांवरचे दुवे तुटतात, कडेचे सगळ्यात शेवटी. तळव्यांवर सपाट पृष्ठांवरचेही दुवे टिकून राहतात, म्हणून तिथे पदरांवर पदर साठत जातात.

रोज किती दुवे कातरले जात असतील? एका पेशीवर डेस्मोसोम शेकड्यांनी असतात; मी हात आखडता घेऊन शंभरच धरतो. प्रत्येक डेस्मोसोम दोघींचा, म्हणून एकीच्या वाट्याला पन्नास. १८० कोटी पेशी गुणिले पन्नास म्हणजे दिवसाला ९,००० कोटी डेस्मोसोम. प्रत्येकात हजार जोड्या धरल्या तर रेणूंचा आकडा ९० लाख कोटींवर जातो. एवढी कातरणी रोज होते, आणि ती ठरलेल्या उंचीवरच होते. मला त्वचेच्या मजबुतीपेक्षा तिच्या या वेळ साधण्याचं अप्रूप जास्त वाटतं. ही वेळ आपणच बिघडवू शकतो, हेही लक्षात ठेवलं पाहिजे. साध्या साबणाचा पीएच नऊ-दहा असतो. नऊ धरला तरी त्वचेच्या पृष्ठभागापेक्षा त्यात हायड्रोजन आयन दहा हजार पटींनी कमी. त्वचा काही वेळात आपली आम्लता परत मिळवते, पण दिवसातून दहा वेळा साबण चोळणाऱ्या हातांना ती उसंत मिळत नाही आणि ते कोरडे पडून सोलवटतात.

वेळ जन्मतःच चुकली तर काय होतं तेही दिसतं. लेक्टीचा जनुक बिघडला तर नेदरटन सिंड्रोम होतो. कातरणी फार लवकर सुरू होते आणि नवजात बाळाची लालबुंद त्वचा सोलत राहते. उलट, कातरणी रोखणारं कोलेस्टेरॉल सल्फेट मोडून टाकणारं एन्झाइम नसेल तर दुवे तुटतच नाहीत आणि अंगावर माशासारखे काळपट खवले साठतात. हा दुसरा विकार सुमारे सहा हजार मुलग्यांमागे एकाला असतो.

पेशी बदलत असताना गळती का होत नाही, याचं उत्तर भूमितीत सापडलं. शृंगस्तराच्या खालीच पेशींचा असा एक पदर आहे की त्यांच्या कडा एकमेकींशी पाणीबंद सांधलेल्या असतात. जपानच्या केओ विद्यापीठातल्या आणि लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की या पेशींचा आकार चपट्या केलेल्या चौदा पृष्ठांच्या घनाकृतीचा असतो. लॉर्ड केल्विनने १८८७ मध्ये, कमीत कमी भिंतींत जागा कशी विभागावी या कोड्याचं उत्तर म्हणून हीच आकृती सुचवली होती. या आकारामुळे वर जाणाऱ्या पेशीची पाणीबंद चौकट सुटण्याआधी खालच्या पेशीची तयार झालेली असते. या सांध्यातलं क्लॉडिन-१ हे एकच प्रथिन नसलेली उंदरांची पिल्लं जन्मानंतर दिवसभरात पाणी गमावून मरतात.

१८७८ मध्ये प्रागच्या अनाथ बालकाश्रमातला डॉक्टर रिटर याने तान्ह्या बाळांच्या एका भयंकर आजाराचं वर्णन लिहिलं. दहा वर्षांत त्याने २९७ बाळं पाहिली होती. भाजल्यासारखी त्यांची त्वचा पापुद्र्याने निघत असे. कारण स्टॅफिलोकॉकस जिवाणूचं विष, हे पुढे कळलं. पण ते विष नेमकं काय करतं हे समजायला २००० साल उजाडलं. ते डेस्मोग्लीन-१ कातरतं. हजाराहून अधिक अमिनो आम्लांच्या त्या साखळीत ते एकाच ठिकाणी, ३८१ व्या आम्लानंतर, घाव घालतं. तोंडाच्या आतल्या त्वचेला त्या बाळांमध्ये काही होत नाही, कारण तिथे डेस्मोग्लीन-३ सांभाळून घेतं.

हे शोधणाऱ्यांपैकी मासायुकी आमागाई आणि जॉन स्टॅनली यांनी १९९१ मध्येच पेम्फिगसचं कोडं सोडवलं होतं. या आजारात शरीराची स्वतःचीच प्रतिपिंडं डेस्मोग्लीनवर चाल करतात. पेशी एकमेकींपासून सुटतात, तोंडात आणि अंगावर फोड येतात, निरोगी दिसणारी त्वचाही बोटाने घासली की सरकते. स्टेरॉइड येण्याआधी बहुतेक रुग्ण काही वर्षांत दगावत. आपल्याकडे दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जे. एस. पसरिचा यांनी १९८० च्या दशकात स्टेरॉइड आणि सायक्लोफॉस्फमाइडचे मोठे डोस ठरावीक अंतराने देण्याची पद्धत रूढ केली. भारतातल्या असंख्य रुग्णांना तिने जगवलं, आणि तिची दखल आपल्या सामान्य वाचनात फारशी घेतली जात नाही याचं मला वाईट वाटतं.

डेस्मोसोमची हीच प्रथिनं हृदयातही आहेत. दिवसाला लाखभर वेळा आकुंचन पावणाऱ्या स्नायूपेशींना डेस्मोसोमच एकत्र धरतात. ग्रीसच्या नाक्सोस बेटावर काही कुटुंबांत लोकरीसारखे केस, तळव्यांची जाड त्वचा आणि हृदयाचे बिघडलेले ठोके एकत्र दिसत. कारण निघालं प्लाकोग्लोबिनच्या एकाच जनुकातला दोष.

सरतेशेवटी पुन्हा पाण्याचा हिशेब. निरोगी त्वचेतून, घाम सोडून, दिवसाला तीन-चारशे मिलिलिटर पाणी झिरपतं. अंग मोठ्या प्रमाणावर भाजलं की हाच आकडा तीन ते पाच लिटरवर जातो. म्हणजे ते दोन चमचे गेले की गळती दहा पटींनी वाढते. रुग्ण पाण्याने, मिठाने, उष्णतेने रिता होत जातो आणि उघड्या जखमेवर जंतू वस्ती करतात. अशा वेळी दुसऱ्याची त्वचा काही आठवडे झाकण म्हणून लावता येते. ती ग्लिसरॉलमध्ये, थंडाव्यात पाच वर्षांपर्यंत टिकते. तिच्यातल्या पेशी तोवर मेलेल्या असतात, पण शृंगस्तराचं काम मुळात मेलेल्या पेशींचंच आहे. शरीर पुढे ती नाकारतं. तोवर रुग्णाची स्वतःची त्वचा काढून लावण्याइतकी सवड मिळालेली असते.

मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात आणि नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये त्वचापेढ्या आहेत. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या, पाय आणि पाठीवरचा फक्त वरचा पातळ पापुद्रा काढून घेतात. रक्तगट जुळावा लागत नाही, आणि देह विद्रूप होत नाही. नेत्रदानाचा अर्ज आपण भरणार असाल, तर त्याच बैठकीत घरच्यांना त्वचादानाचंही सांगून ठेवा.